पाचवी पेटी

लातूर,
११ मार्च २०२५

प्रिय सुदाम,

तू पोचल्याचा मेसेज मिळाला. टालिनला अजून बर्फ आहे, असं लिहिलंयस. इथं अकरानंतर बाहेर पडवत नाही. तुझ्या मेसेजला मी नुसतं अंगठ्याचं चित्र पाठवलं, कारण त्याखाली जे लिहायचं होतं ते मोबाईलवर लिहिता येईना. फोनवर तर मुळीच बोलता येणार नाही. म्हणून क्लासच्या ऑफिसातून कोरे कागद आणले आणि परवापासून बसतेय. दोनदा लिहून फाडलं. आज फाडणार नाही.

आधी तुझ्या घरचं सांगते. रविवारी तुमच्या गावाकडं जाऊन आले. ताराकाकू बऱ्या आहेत, म्हणजे जेवतात, झोपतात, शेळीला पाला घालतात. नानांचे कपडे द्यायला काढलेत, पण अजून कोणाला दिले नाहीत. तुझ्या चुलतभावानं तुरीचं बघितलं. माझं म्हणशील तर मी रोज नऊला क्लासवर जाते, चार हजार पोरांच्या टेस्टचं वेळापत्रक लावते, गंजगोलाईतून भाजी घेऊन घरी येते. नाना गेल्यापासून मला रडू आलेलं नाही. दवाखान्यात आलं नाही, स्मशानातून लोक परत आले तेव्हा आलं नाही, तेराव्याला सगळ्या बाया रडत होत्या तेव्हाही मी पंगतीत वरण वाढत होते. दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तसं झालंय. रात्री घरी सत्यम म्हणतो, थकवा आहे. मी त्याला हो म्हणते.

तुला नांदेडचा तो नोव्हेंबर आठवतो का? आपलं शेवटचं वर्ष होतं. नोटा बंद झाल्या आणि तुझे नाना रेणापूरला बँकेच्या रांगेत तीन दिवस उभे राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांचा नंबर आला तेव्हा आतले पैसे संपले होते. ते तुला फोनवर हसत हसत सांगत होते आणि तू वजिराबादच्या त्या चहाच्या हॉटेलात ग्लास आपटून उठलास. एका संध्याकाळी कुणीतरी सांगतं, तुझ्या हातातली नोट आता नोट राहिली नाही, आणि आपण रांगेत उभं राहायचं? असं तू सगळ्या हॉटेलाला ऐकू जाईल इतक्या जोरात म्हणालास. तुझा राग नुसता त्या रांगेचा नव्हता, हे मला माहीत होतं. नाना सतरा वर्षं सोसायटीचे गटसचिव होते. निवडणुकीत दुसरं पॅनल आलं आणि पहिल्याच बैठकीत त्यांना घरी बसवलं. हिशेबात खोट नव्हती, फक्त माणूस आपला नव्हता. तेव्हा तू आठवीत होतास. तेव्हापासून तुला खुर्चीचाच तिटकारा.

त्याच हिवाळ्यात तू मला बिटकॉइनचं सगळं समजावलंस, गोदावरीच्या घाटावर, वहीच्या मागच्या पानावर चौकोन काढून. कोणी राजा नाही, बँक नाही, चेअरमन नाही. हिशेबाची वही एकाच्या कपाटात नाही, हजारोंच्या घरी तीच वही, आणि सगळ्यांच्या वह्या जुळल्या तरच व्यवहार खरा. जिथं खुर्चीच न्हाई, तिथं राजकारण करणार कोण आणि कशासाठी, असं तू म्हणायचास. मी नायगावची, घरात रोज पंचायत समितीचं राजकारण ऐकत वाढलेली. मी एवढंच विचारलं होतं की नियम कोण करणार. तू म्हणालास, नियम गणितात असतात. मला ते पटलं होतं की तू इतक्या खात्रीनं बोलत होतास म्हणून पटलं होतं, हे आज सांगता येत नाही.

पुढचं तुला माहीत आहे, पण मला ते सगळं एकदा ओळीनं लिहू दे. लॉकडाऊनमध्ये तू पुण्याहून गावी आलास. मजुरी द्यायला लोकांकडं रोख नव्हती आणि रानातलं काम थांबलं होतं. पूर्वी सावड चालायची, आज तुम्ही माझ्या रानात, उद्या मी तुमच्या. तू तीच सावड मोबाईलवर आणलीस. नाण्याचं नावच सावड. एक दिवसाचं काम म्हणजे एक सावड. सुरुवातीला प्रत्येक घराला सारख्याच तीस. ज्याच्या रानात काम झालं त्याच्याकडून काम करणाऱ्याकडं एक सावड जायची, आणि ती त्यानं कोणाच्याही कामाला वापरायची. वही सात घरांतल्या सात छोट्या संगणकांत. गावानं त्यांना पेट्या म्हणायला सुरुवात केली. नियम बदलायचा तर सातपैकी पाच पेट्यांनी होकार द्यायचा. कोणती पेटी काय म्हणते हे सगळ्यांना दिसायचं, पण नुसता क्रमांक दिसायचा. क्रमांक आपण चिठ्ठ्या टाकून दिले. कुणाची पेटी कोणती, हे ज्याचं त्यालाच ठाऊक, तुलासुद्धा नाही. कुणी कुणावर दबाव आणू नये म्हणून तू ते केलं होतंस. एक पेटी नानांकडं, एक अर्जुनरावांकडं, एक अंगणवाडीच्या सत्यशीलाताईंकडं, तीन दुकानदार-गिरणीवाल्यांकडं, आणि एक माझ्याकडं लातूरला, फ्रिजच्या वर.

पहिलं वर्ष कसं गेलं ते मी विसरणार नाही. अर्जुनरावांसारखा चाळीस एकरांचा माणूस एका सावडीसाठी दुसऱ्याच्या रानात सोयाबीन कापायला उतरला होता, आणि बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. ते स्वतःही हसले होते. मग तुला एस्टोनियातली, टालिनची ती नोकरी लागली आणि तू गेलास. जाताना म्हणालास, आता याला माझी गरज न्हाई, हेच याचं यश.

चांगुणाबाईचं आधी माझ्या लक्षात आलं, कारण वहीवर माझी नजर असायची. तिला रान नाही, नवरा नाही. ती सगळ्यांच्या कामाला जायची आणि तिच्याकडं कोणी यायचा प्रश्नच नव्हता. तिच्या सावडी साठत गेल्या. पन्नास, शंभर, दीडशे. तू गेल्यावर दोन वर्षांनी गावात सगळ्यांत जास्त सावडी तिच्याकडं होत्या, दोनशे चौदा. एकदा ती मला म्हणाली, ‘‘ताई, मला बी एक पेटी द्या की घरात ठिवायला.’’ मी म्हणाले, देऊ की, फक्त वीज कायम पाहिजे आणि नेटचं कनेक्शन. तिच्या पत्र्याच्या खोलीत आकडा टाकून आणलेला एक बल्ब होता. ती ‘बरं’ म्हणाली आणि खुरपं उचलून गेली. आपण ठरवलं होतं की पेटी कोणीही ठेवू शकतं. तू टालिनच्या भाषणांत अजूनही हे वाक्य वापरतोस. मी ऐकलंय.

मग गेल्या वर्षी मार्चात तिनं तीन एकर रान बटईनं, निम्म्या वाट्यानं घेतलं. दोन वर्षं ती याच्यासाठी साठवत होती, हे तेव्हा गावाला कळलं. पेरणीला आणि खुरपणीला ती माणसं बोलावणार होती, आणि तिनं बोलावल्यावर यायचं होतं कोणी? ज्यांच्या रानात ती दोन वर्षं राबली त्यांनी. अर्जुनरावांच्या सुनेनं तिच्या बांधावर खुरपायला बसायचं. गावात कोणी उघड काही बोललं नाही. बोलणं सुरू झालं ते वेगळंच. चांगुणाबाईनं सावडी दाबून ठेवल्यात, बाजारात फिरायला सावड उरली न्हाई, म्हणून सगळ्यांची कामं अडून राहिलीत. त्यात खरंही होतं. अकरा घरांकडं एकही सावड उरली नव्हती. अर्जुनरावांनी सुचवलेला नियम कागदावर अगदी शहाणा दिसत होता: वर्षभर न वापरलेली सावड आपोआप रद्द. नाणं फिरतं राहील. सगळ्यांना सारखाच नियम. त्यात चांगुणाबाईचं नाव कुठंच नव्हतं.

सत्यशीलाताईंनी तुला फोन केला होता. तू त्यांना म्हणालास की मी मध्ये पडलो तर ते माझं राज्य होईल, पेट्या ठरवतील तेच खरं. त्यांनी मला ते जसंच्या तसं सांगितलं. वर म्हणाल्या, ‘‘लई मोठ्ठं बोलला बाई तुझा मित्र. पर चांगुणाच्या कामाचं काय, ते न्हाई बोलला.’’

जूनच्या दोन तारखेला पेट्यांनी कौल दिला. पाच होकार, दोन नकार. अर्जुनराव आणि तिन्ही दुकानदार होकाराचे, ते पारावर उघड सांगत होते. सत्यशीलाताई नकाराच्या, त्याही उघड. उरल्या दोन पेट्या, नानांची आणि माझी. त्यातली एक होकाराची होती. मी तुझ्याबरोबर हे उभं केलेलं, लातूरला राहणारी, शिकलेली. नाना गावातले, अर्जुनरावांच्या वाड्यासमोरून रोज जाणारे, आणि आठवड्यापूर्वीच अर्जुनराव त्यांच्या ओसरीवर चहा पिऊन गेलेले. गावानं एका दिवसात ठरवून टाकलं. चांगुणाबाईच्या दोनशे चौदातल्या एकशे त्र्याहत्तर सावडी त्या संध्याकाळी वहीतून गेल्या. कोणी चोरी केली नाही, कोणी यंत्र फोडलं नाही. वही सातही ठिकाणी अगदी जुळत होती.

ती कोणाशी भांडली नाही. मोबाईल हातात घेऊन सत्यशीलाताईंकडं गेली आणि विचारलं, ‘‘हे येकेचाळीसच दावून राहिलंय, बिघडलं का?’’ ताईंनी समजावून सांगितलं. ती पाणी प्यायली आणि म्हणाली, ‘‘मंजी नोटावाणीच झालं म्हणा.’’ मग उठून गेली. उरलेल्या येकेचाळीसमध्ये पेरणी झाली. खुरपणीला तिच्याकडं काही राहिलं नाही. आणि मग जुलैमध्ये एक दिवस नाना खुरपं घेऊन तिच्या रानात गेले. एकाहत्तर वर्षांचा माणूस. दुसऱ्या दिवशी काकूही गेल्या. दोघं तेवीस दिवस जात होते आणि त्यांनी एकही सावड घेतली नाही. चांगुणाबाईनं पहिल्यांदा त्यांना बांधावरच अडवलं होतं, म्हणे. नाना तिला म्हणाले, ‘‘आगं, मला घरी बसून कटाळा आलाय,’’ आणि एका कडेनं सुरू झाले. गावात लोक म्हणाले, हणमंतराव पाप धुवून राहिलाय. गिरणीवर त्यांना पाठीमागं ‘पाचवी पेटी’ म्हणायला लागले. त्यांना ते ऐकू यायचं.

तुलाही ते कुणीतरी फोनवर सांगितलं. तू नानांना फोन करून विचारलंस, पाचवा होकार तुम्ही दिला का? काकू शेजारीच होत्या. नाना म्हणाले, ‘‘झालं ते झालं बाबा, तू तुझं काम बघ.’’ तू पुन्हा विचारलंस आणि त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. त्यानंतर तू सात महिने त्यांच्याशी बोलला नाहीस. काकूंना फोन करायचास, तेव्हा नाना उठून अंगणात जायचे. परत आले की विचारायचे, जेवतो का नीट?

दवाखान्यातले चार दिवस तुला मी मेसेजवर कळवत होते. मेंदूत रक्तस्राव झाला, डॉक्टर काय म्हणाले, किती वाजता काय. एक गोष्ट कळवली नव्हती. तिसऱ्या दिवशी चांगुणाबाई एसटीनं लातूरला आली, हातात डबा घेऊन. आत सोडत नव्हते म्हणून जिन्यात बसून राहिली. दुपारी तो डबा काकूंना देऊन परत गेली. ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी होती. आम्ही दोघींनी ती खाल्ली.

तू आलास तेव्हा अग्नी देऊन झाला होता. तेराव्यापर्यंत तू सगळं नीट केलंस, भटजी सांगतील तसं. परत जाताना सत्यमनं आणि मी तुला हैदराबादच्या ट्रॅव्हल्सपर्यंत सोडलं. गाडीत, रेणापूर नाका ओलांडल्यावर तू बोललास. म्हणालास, मला बापाचं वाईट वाटून घेता येईना, अयोध्या. ज्या माणसाला पॅनलनं हाकललं त्यानंच पॅनलसारखं केलं. आणि मग एप्रिलमधल्या तुझ्या त्या मोठ्या भाषणाचं सांगितलंस. त्याचा विषयच आहे, कुणाचीही सत्ता नसलेलं नाणं राजकारणापासून मुक्त राहू शकतं का. त्यात तू सावडीची गोष्ट सांगणार आहेस. यंत्र चुकलं नाही, माणूस चुकला, आणि तो माणूस माझा बाप होता, असं शेवटचं वाक्य लिहून ठेवलंय, म्हणालास. ते नंतर छापून पुस्तकातही येणार आहे. सत्यम समोर बघून गाडी चालवत होता. मी मागच्या सीटवर तुझी बॅग धरून बसले होते. मी म्हणाले, ट्रॅव्हल्स साडेचारची आहे ना? एवढंच म्हणाले.

आता गेल्या मे महिन्यातला एक रविवार सांगते, जो तुला कोणी सांगितला नाही. अर्जुनराव नानांच्या ओसरीवर चहा प्यायले त्याच्या चार दिवस आधी ते माझ्या घरी आले होते. केशर आंब्याची पेटी घेऊन, बायकोला घेऊन. सत्यम सात वर्षं त्या संस्थेच्या शाळेत शिकवतो आणि सात वर्षं त्याची सरकारी मान्यता अडकलेली, हे तुला माहीत आहे. पगार म्हणजे संस्थेनं हातावर ठेवलं ते. त्या संस्थेचे अध्यक्ष अर्जुनरावांचे व्याही. चहा झाला. अर्जुनराव सत्यमला म्हणाले, ‘‘मास्तर, तुमच्या प्रस्तावाचं काय झालं? मी बोलतो व्याह्यांशी, तुमच्यासारखी माणसं राह्यली पाहिजेत.’’ सावडीचा विषय त्यांनी काढलाच नाही. दारात चपला घालताना फक्त फ्रिजवर नजर गेली आणि हसून म्हणाले, ‘‘हीच का ती तुमची पेटी? लई लहान हाय की.’’ बाकी काही नाही. धमकी नाही, अट नाही. आज कोर्टात उभं केलं तरी मला त्या माणसाविरुद्ध एक वाक्य सांगता येणार नाही.

त्यानंतरचे दिवस मी त्या नियमाचं गणित करत बसले. नाणं साठलं की व्यवहार थांबतो, म्हणून साठवण्यावर मुदत हवी, हे मी तीन वेगवेगळ्या लेखांत शोधून वाचलं. मला ते खरंच पटत गेलं. इतकं पटलं की चांगुणाबाईला सावडी वापरायला दोन महिन्यांची सवलत तरी द्या, एवढं सुचवायचंही मला सुचलं नाही. दोन जूनला सकाळी सत्यम आंघोळीला गेला होता. मी फ्रिजसमोर उभी राहून होकार दाबला आणि कुकर लावला. सत्यमची मान्यता नोव्हेंबरात आली. अर्जुनरावांनी शब्द टाकला म्हणून आली की सात वर्षांनी येणारच होती म्हणून आली, मला माहीत नाही. विचारायची सोय नाही. त्याला अजून मी काही सांगितलेलं नाही, पण त्याच्या पहिल्या पगाराचे पेढे मला गिळवले नाहीत, ते त्यानं पाहिलं.

नानांना सगळं त्याच दिवशी कळलं होतं. त्यांनी स्वतः नकार दिला होता, मग पाचवा होकार कोणाचा हे समजायला त्यांना वही बघायचीही गरज नव्हती. ऑगस्टमध्ये मी त्यांना भेटायला चांगुणाबाईच्या रानात गेले. ते उकिडवे बसून खुरपत होते. मी म्हणाले, नाना, मी आज सुदामला फोन करून सांगते. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, ‘‘काय सांगणार? गप ऱ्हा. तुझ्या नवऱ्याचा कागद अजून वर हाय.’’ मी म्हणाले, पण लोक तुम्हाला काय काय म्हणतात, तो बोलत नाही तुमच्याशी. तेव्हा ते थांबले, हातातलं गवत बाजूला टाकलं. ‘‘बापावर रागवलेला पोरगा कवा ना कवा येतो. तुझ्यावरला भरवसा गेला तर त्याला दुसरं कोण हाय?’’ मी विचारलं की तुम्हाला माझा राग नाही आला का. म्हणाले, ‘‘आला की. लई आला. पर माझ्या बी घरी आलते अर्जुनराव चहाला. मला मागाय काही उरलं नव्हतं, म्हणून मी न्हाई म्हणलं. तुझ्या वयात काय केलं असतं, कुणाला ठाव.’’ मग मला दुसरं खुरपं दिलं. मी संध्याकाळपर्यंत त्यांच्याबरोबर बसले. चांगुणाबाई पलीकडच्या ओळीत होती. जाताना तिनं मला मुगाच्या चार शेंगा दिल्या आणि म्हणाली, लेकराला नेजा. तिला वाटतं मला लेकरू आहे. मी तिला तेव्हाही काही सांगितलं नाही. या रविवारी सांगितलं. ती शेण सारवत होती. ऐकून घेतलं, हात धुतले, आणि म्हणाली, ‘‘हणमंतदाजी म्हणले व्हते मला, मी न्हाई ते. मी म्हणलं, मला ठाव हाय.’’ कोण ते तिनं त्यांना विचारलं नव्हतं. मला बसा म्हणाली नाही. मी निघाले.

तिथून मी ताराकाकूंकडं गेले. त्यांना मी काही सांगायच्या आत त्याच म्हणाल्या, ‘‘त्यांनी नको म्हणलं व्हतं म्हणून मी दातावर दात ठिवून बसले. पोरगं बापाच्या तेराव्याला कोरड्या डोळ्यांनी बसलं, ते बी बघितलं. आता ते न्हाईत. आता तुझं तू बघ.’’ म्हणून हे पत्र. सुदाम, पाचवी पेटी माझी होती. सहा क्रमांकाची, तुझ्याकडच्या वहीत दोन जून, सकाळी सात वाजून चाळीस मिनिटं. नकाराच्या दोन पेट्यांपैकी तीन क्रमांकाची नानांची, काकूंनी नानांची चिठ्ठी देवघरातून काढून मला दाखवली, तिचा फोटो सोबत ठेवलाय. एप्रिलच्या भाषणातलं शेवटचं वाक्य तुला बदलावं लागेल. त्यात माझं नाव घाल, पूर्ण नाव, गावासकट, आणि चहा, आंबे, मान्यता सगळं सांग. यंत्र चुकलं नाही हे वाक्य ठेवायचं की नाही ते तू ठरव, मला आता त्यातलं काही कळत नाही. नाण्यात राजकारण येतं की नाही याचं उत्तर तू तिकडं शोधशील. मला फक्त एवढं हवंय की त्या सभागृहातल्या एकाही माणसानं हणमंतरावांना तसं ओळखून घरी जाऊ नये. मला उत्तर लिहू नकोस, लिहिलंस तरी चालेल. पण आधी काकूंना फोन कर, त्या सातनंतर मोकळ्या असतात, आणि या वेळी त्यांना नानांबद्दल विचार.

अजूनही, तू मानलंस तर, तुझीच
अयोध्या